बॅबकॉकबाईंचा चेहरा

सिनेमावाल्यांना बॅबकॉकबाई माणसांत धरत नसत. त्यापेक्षा कोंबडीचोर परवडला, असं त्या म्हणत. त्याला निदान कोंबडी हवी असते आणि ती मिळाली की तो निघून जातो. ही मंडळी कुणाच्या मागे धावतात, कशासाठी धावतात आणि पडल्यावर उठून पुन्हा तिथेच का पडतात, हे बाईंना कळलं नव्हतं आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. लॉस एंजेलिसच्या एडनडेल भागात टेकडीच्या उतारावर त्यांचं दुमजली लाकडी घर होतं. घराच्या खालच्या अंगाला पूर्वी घोड्यांची पागा होती. ती डफी नावाच्या माणसाच्या विनोदी चित्रपटांच्या कंपनीने घेतली, ऊन मऊ व्हावं म्हणून वर पांढरी कापडं ताणली, खाली चित्रीकरणासाठी तीन-तीन भिंतींच्या खोल्या उभ्या केल्या, आणि तेव्हापासून त्या रस्त्याची रया गेली.

गाड्या घसराव्यात म्हणून हे लोक भर रस्त्यात साबणाचं पाणी ओतत. त्यात दूधवाल्याचा घोडा घसरला तर त्यांना त्याचंही हसू येई. खोटे पोलीस टोळीने धावत जात, आणि खरा पोलीस चौकात उभा राहिला तर पोरं त्यालाच विचारत, आज तुम्ही कधी पडणार? कुणाचा ओटा, कुणाचं कुंपण, कुणाची बाग, विचारण्याची पद्धतच नव्हती. आले, नाचले, मोडलं, गेले.

बाई मूळच्या आयोवाच्या, मक्याच्या मुलखातल्या. नवरा एल्मर शिवणयंत्रं विकायचा. त्याच्या छातीने दगा दिला तेव्हा डॉक्टरांनी कॅलिफोर्नियाची कोरडी हवा सांगितली, म्हणून दोघं इथे आली. दुसऱ्या हिवाळ्यात एल्मर गेला. बाईंनी घराच्या खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि खिडकीत पाटी लावली, नट आणि कुत्री नकोत. एका शेजारणीने कुत्र्यांची बाजू घेतली, तेव्हा बाईंनी कुत्र्यांबद्दल विचार करू असं सांगितलं.

कॅलिफोर्नियाबद्दलही त्यांचं मत बरं नव्हतं. इथली संत्री जरा जास्तच गोड, इथला हिवाळा म्हणजे नुसतं नाटक, आणि इथली माणसं दुसरीकडे कुठे जमलं नाही म्हणून आलेली. आपणही तशाच आलो आहोत हे कुणी त्यांना म्हणालं नाही. म्हणणाऱ्याला त्यांच्या चेहऱ्याला तोंड द्यावं लागलं असतं.

त्या चेहऱ्याबद्दल सांगायला हवं. बाई चिडायच्या नाहीत. तोंड हलायचं नाही. मान किंचित मागे जाई, पापण्या अर्ध्या खाली येत, आणि समोरची वस्तू किंवा माणूस मोरीच्या जाळीत अडकलेलं काहीतरी असावं तसं त्या न्याहाळत. बस्स, एवढंच. पण ज्याच्याकडे त्या असं बघत त्याला आपल्या कॉलरवर डाग आहे की काय असं वाटू लागे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ऑटिली फ्रेम या शाळामास्तरीणबाईंनी हा चेहरा आरशासमोर बसवून पाहिला होता. वर्गात उपयोग होईल म्हणून. त्यांना जमला नाही.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळी बाईंनी परसात धुणं वाळत घातलं होतं. चादरी, उशांचे अभ्रे, टेबलावरची कापडं. दोन दिवसांचे कष्ट दोरीवर डोलत होते. तेवढ्यात कुंपण ओलांडून काळ्या कोटातला एक बुटका इसम आत आला. डोळ्यांभोवती काजळ, ओठावर फड्यासारखी मिशी, छातीवर लग्नाचं फूल. हा जिगी. खरं नाव लीलंड फॉस. कंपनीचा हुकमाचा एक्का, निदान त्याचं स्वतःचं मत तसं होतं. कथेप्रमाणे तो स्वतःच्या लग्नातून पळत होता आणि नवरीचे भाऊ त्याच्या मागे लागले होते. तो सरळ दोरीवर आदळला, चादर अंगाला गुंडाळून गरगर फिरला आणि सगळं धुणं मातीत घेऊन पडला.

बाई मागच्या दारात उभ्या होत्या. हातात गालिचे झोडायचं वेताचं बडवणं होतं. त्या पायऱ्या उतरल्या आणि त्यांनी जिगीला झोडायला घेतलं. त्याला आधी वाटलं, डफीने ही नवीन बाई आयत्या वेळी घातली असावी. म्हणून तो कॅमेऱ्याकडे तोंड करून विव्हळला, उड्या मारल्या, नेहमीचे सगळे चाळे केले. तिसऱ्या रट्ट्याला त्याच्या लक्षात आलं की ही बाई नाटक करत नाही. कुंपणापलीकडे डफीच्याही ते लक्षात आलं होतं. त्याने कॅमेरावाल्याला हाताने खूण केली, थांबू नकोस. कॅमेऱ्याचा हाताने फिरवायचा दांडा फिरत राहिला.

शेवटी बाईंनी त्याच्या तोंडाला हात घातला, कान धरायला गेल्या असाव्यात, आणि अख्खी मिशी त्यांच्या हातात आली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मान मागे गेली, पापण्या खाली आल्या. कितीतरी वेळ बाई त्या केसांच्या चिंधीकडे बघत राहिल्या. मग दोन बोटांनी ती उचलून खरकट्याच्या बादलीत टाकली, हात पदराला पुसावा तसा झग्यावरच्या फडक्याला पुसला, आणि जिगीला विचारलं,

"तुमची आई आहे का?"

"आहे," जिगी म्हणाला.

"तिला माहीत आहे हे?"

"नाही बाई. मी बँकेत आहे असं सांगितलंय तिला."

"तेवढी तरी लाज आहे," बाई म्हणाल्या, आणि मातीतल्या चादरी गोळा करायला वाकल्या. डफी टोपी काढून पुढे आला, धुणं पुन्हा धुऊन देतो म्हणाला. बाईंनी दार लावून घेतलं.

पुढे त्या ही गोष्ट विसरल्या. म्हणजे, डफीच्या लोकांना ज्या सदरात त्यांनी टाकलं होतं त्यात आणखी एक भर पडली, इतकंच.

फेब्रुवारीत आयोवावाल्यांचा वार्षिक मेळा भरला. एका मोठ्या बागेत प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं टेबल, आणि घरदार सोडून आलेले हजारो लोक त्या टेबलांभोवती बसून तळलेली कोंबडी आणि बटाट्याचं सॅलड खात आपण किती सुखी आहोत हे एकमेकांना पटवून देत. बाईंना हा मेळा आवडत नसे, पण इतर बायकांनी काय करून आणलंय ते पाहायला त्या दरवर्षी जात. त्या वर्षी फ्रेमबाईंनाही बरोबर नेलं.

जाताच काहीतरी बिनसलेलं जाणवलं. लोक कोपराने एकमेकांना ढोसत होते. एका बाईने पोराला कडेवर उचलून बॅबकॉकबाईंकडे बोट दाखवलं. आपल्या जिल्ह्याच्या टेबलाशी त्या पोचल्या तर होरेस टटल उठून उभा राहिला. हा पूर्वी तिकडे त्यांच्या गावात औषधाचं दुकान चालवायचा. एल्मरच्या खोकल्याची बाटली दर आठवड्याला हाच भरून देई. त्याने काळ्या कागदाचा कपटा थुंकी लावून ओठावर चिकटवला, बाईंपुढे वाकला आणि म्हणाला, "बाई, आमचीही काढा की."

सगळं टेबल खो-खो हसलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, नेहमीसारखंच. तर हसणं दुप्पट झालं. शेजारच्या टेबलांवरून माणसं उठून बघायला आली. आयुष्यात प्रथमच त्या नजरेने कुणी गप्प बसलं नव्हतं.

परतताना ट्राममध्ये फ्रेमबाईंनी सांगून टाकलं. 'जिगीची वरात' नावाचा सिनेमा आहे. गावोगाव चालू आहे. त्यात बाई आहेत. लोक जिगीला बघायला जात नाहीत, बाईंना बघायला जातात.

"आणि तुम्हाला कसं ठाऊक?" बाईंनी विचारलं.

फ्रेमबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "शाळेतल्या मुली सांगत होत्या." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "मीही गेले होते. मी नाही हसले फारशी."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई एकट्याच तो सिनेमा बघायला गेल्या. असल्या ठिकाणी त्या कधी पाऊल टाकत नसत, आणि आत गेल्यावर आपलं मत बदलावं असं त्यांना काही दिसलं नाही. पायांखाली शेंगदाण्याची टरफलं. पियानो वाजवणाऱ्याची मान महिनाभर धुतलेली नसावी. सिनेमा मुका, म्हणून पुढच्या रांगेत एक माणूस पडद्यावर येणाऱ्या संवादांच्या पाट्या मोठ्याने वाचून बायकोला सांगत होता, जणू तिला डोळे नव्हते. सिनेमा सुरू झाला. जिगी धावला, आपटला, कुणाच्या तरी केकमध्ये बसला. लोक हसले. याला हसतात? बाईंनी आजूबाजूला पाहिलं. मोठमोठे बाप्ये, घड्याळाच्या साखळ्या लावलेले, एका माणसाचं बूड केकला लागलं म्हणून डोळे पुसत होते.

मग त्यांचं परस आलं. त्यांची दोरी, त्यांच्या चादरी. आणि त्या स्वतः.

आपण बुटक्या दिसतो, पाठीत वाकलो आहोत, हे सगळं त्यांनी पाहिलं आणि सोडून दिलं. मिशी हातात आली. पडद्यावर त्यांचं तोंड भिंतीएवढं मोठं झालं, मान मागे गेली, पापण्या खाली आल्या, आणि सगळं सभागृह हसून कोसळलं. बाईंना ते ऐकूच आलं नाही. त्यांनी तो चेहरा आतून हजारदा केला होता, बाहेरून कधी पाहिला नव्हता. पण ज्याने पाहिला होता तो त्यांना आठवला. एल्मर शेवटच्या महिन्यांत खालच्या खोलीत पडून असायचा. खोकल्याची उबळ ओसरली की काहीतरी विनोद करायचा. फालतू विनोद, शिवणयंत्रं विकताना दारोदार केलेले. एकदा तर त्याने उशीचा अभ्रा डोक्यावर घालून पाद्रीबुवांची नक्कल केली होती. बाई थुंकीचं भांडं घेऊन दारात उभ्या राहायच्या आणि त्याच्याकडे बघायच्या. असंच बघायच्या. तो थोडा वेळ वाट बघायचा, मग अभ्रा काढून उशीला परत घालायचा.

दिवे लागले. कुणीतरी ओळखलं, "अरे, हीच ती!" बाई उठून, कुणाच्याही पायावर पाय न देता, बाहेर पडल्या. त्या रात्रीचं जेवण त्यांनी नेहमीच्या वेळी वाढलं.

डफी आठवडाभरात आला. या वेळी पुढच्या दाराने, हातात फुलं घेऊन. पुढच्या सिनेमात बाई हव्यातच, लोकांची पत्रं येतात, काही करायचं नाही, नुसतं उभं राहून बघायचं.

"ते मी तसंही करते," बाई म्हणाल्या. "त्याला तुमची कंपनी कशाला?"

डफीने पाद्रीबुवांची ओळख काढली, दिवंगत नवऱ्याचं नाव घेतलं, अमेरिकेतल्या दमल्या-भागल्या कष्टकऱ्यांना दोन घटका विरंगुळा देण्याच्या पुण्याबद्दल बोलला. बोलण्यात पटाईत माणूस. बाईंनी फुलं परत त्याच्या हातात दिली. देठ पाण्यात घाला, सुकतायत, एवढं सांगितलं.

पण डफी ऐकणाऱ्यातला नव्हता. मागल्या खेपेला या बाईला कुणी विचारलं होतं? मग आत्ता तरी कशाला विचारायचं? एप्रिलमध्ये एका सकाळी बाई पुढच्या ओट्यावर मटार सोलत बसल्या होत्या. रस्त्यापलीकडच्या झुडपात त्यांना काच चमकताना दिसली. त्या मनाशी म्हणाल्या, बरं. आणि ठरवलं की आज आपण जागचं हलायचं नाही. यांना राग हवा आहे ना, मग राग सोडून काहीही मिळेल.

आधी एक बोकड आला आणि जिरेनियमची झाडं खाऊन गेला. बाईंनी शेंग सोलली. मग मोटार कुंपण मोडून आत आली आणि पायरीपाशी थांबली. बाईंनी टोपली जरा अलीकडे ओढली. मग जिगी आला. नवी मिशी लावून. तो टोपीवर पडला, टोपी त्याच्यावर पडली, तो पिंपात गेला, पिंप उतारावरून गेलं, परत आला. बाई बघत होत्या. मान मागे, पापण्या खाली. झुडपात कॅमेरावाला हसू दाबताना थरथरत होता.

पण जिगीला आता कॅमेऱ्याची पर्वा राहिली नव्हती. गावोगावचे लोक आपल्याला सोडून या म्हातारीला बघायला येतात, हे त्याला महिनोन्‌महिने खात होतं. तिचं तोंड एकदा तरी हलवायचंच, या हट्टाने तो खांबावरून ओट्याच्या छपरावर चढला आणि पन्हळीला लोंबकळून तिच्या पुढ्यात उलटा झुलू लागला. तोंडासमोर तोंड. जीभ बाहेर, डोळे तिरळे. बाईंनी एक दाणा किडका निघाला तो बाजूला टाकला.

पन्हळ निखळली. जिगी दगडी पायरीवर आडवा पडला आणि पाय अंगाखाली दुमडला गेला.

झुडपातून हशा उठला. डफी मांडी थोपटत होता. बाईंच्या हातात अर्धी सोललेली शेंग होती. त्या बघत राहिल्या. इतका वेळ हा माणूस पडताना, उठताना, रडताना, कॅमेऱ्याकडे एक डोळा ठेवून असायचा. आता त्याचे डोळे कुठेच बघत नव्हते. ओठ पांढरे पडले होते.

बाई उठल्या. टोपली उलटली, मटार पायऱ्यांवरून घरंगळले. "पाय मोडलाय त्याचा," त्या पलीकडे ओरडल्या. "हसताय काय? या इकडे, धरा." त्या त्याच्याशेजारी गुडघे टेकून बसल्या, डोकं मांडीवर घेतलं आणि त्याला हलू दिलं नाही. दांडा तेव्हाही फिरत होता, हे त्यांनी ऐकलं. पण त्या वेळी ते मनावर घ्यायला सवड नव्हती.

डॉक्टर म्हणाले, हाड दोन ठिकाणी मोडलंय, इथून हलवू नका. अशा रीतीने नट घरात आला. खालच्या खोलीत, एल्मरच्या पलंगावर.

जवळून पाहिल्यावर माणूस बरा वाटतो म्हणतात. जिगी नाही वाटला. तो रडका होता, आळशी होता, पतंग खोलीत शिरला तर किंचाळायचा. सूप गार आहे म्हणून तक्रार, मग गरम आहे म्हणून तक्रार. वर्तमानपत्रात स्वतःबद्दल आलेले तुकडे त्याने पाकिटात जपले होते आणि फ्रेमबाईंना तो ते वाचून दाखवी. फ्रेमबाई ऐकत, हे पाहून बाईंना त्यांच्याबद्दलही वाईट वाटलं. बाईंचा तिटकारा आधी ढोबळ होता, आता त्याला तपशील मिळाला. तरी त्या भांडं धरत, उशा नीट करत, पायाखाली पांघरुणाची घडी ठेवत. आणि एक गोष्ट त्या मुद्दाम करत होत्या. त्याने काही चाळा केला, चमच्याचं नाक केलं किंवा औषधाच्या बाटलीशी बोलला, तर त्या तोंड फिरवून खिडकीकडे बघत. हसणं त्यांना जमणार नव्हतं. पण तो चेहरा पुन्हा त्या खोलीत आणायचा नाही, एवढं त्यांनी स्वतःशी ठरवलं होतं.

एका दुपारी तो लोकांवर घसरला. सिनेमा बघणारे म्हणजे गुरं, म्हणाला. समोर कपाळ फुटलं तरी दात काढणारी जनावरं. त्यांना हसवायचं म्हणजे चारा टाकायचा.

बाई चादर बदलत होत्या. त्या थांबल्या.

"त्यांना नावं ठेवायची तर मी ठेवीन," त्या म्हणाल्या. "मी त्यांच्याकडून काही घेत नाही. तुम्ही त्यांचं मीठ खाता."

"तुम्हीच तर त्यांचा सगळ्यात जास्त तिरस्कार करता, बाई. तोंडावर लिहिलंय तुमच्या."

"तिरस्कार मी सगळ्यांचाच करते. पण पडलेल्याला उचलते. सरका जरा."

जिगी सरकला. मग त्याने विचारलं, हा पलंग कुणाचा? नवऱ्याचा, बाई म्हणाल्या. तो कसा होता? त्यावर बाईंनी मळकी चादर गोळा केली आणि दाराशी जाऊन म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा विनोदी होता." ही गोष्ट त्यांनी यापूर्वी कुणाला सांगितली नव्हती, एल्मरला तर नाहीच.

जूनमध्ये, जिगीचा पाय अजून प्लास्टरमध्येच असताना, 'जिगीचं बिऱ्हाड' लागला. फ्रेमबाई शाळेतून परस्पर बघून आल्या आणि टोपीसुद्धा न काढता स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. बाई पीठ मळत होत्या.

फ्रेमबाईंनी सांगितलं ते असं. बोकड आहे, मोटार आहे, पिंप आहे. शेवटी जिगी पडतो, पाय मोडतो, निपचित होतो. आणि बाई बसलेल्या असतात. शेंग सोलत असतात. मग पुन्हा जिगी पडलेला, पुन्हा बाई बसलेल्या. मग 'समाप्त'.

"आणि मी उठले ते?"

"ते नाही त्यात."

"टोपली पडली, मी त्याला धरला..."

"नाही, बॅबकॉकबाई. तुम्ही बसूनच राहता. लोक हसून हसून खुर्चीतून खाली पडत होते." फ्रेमबाईंनी टोपी काढली. "या वेळी मी खरंच नाही हसले."

बाईंनी हात धुतले आणि पिठाचं फडकं कमरेला तसंच ठेवून टेकडी उतरून कंपनीत गेल्या. डफी तीन भिंतींच्या एका खोलीत बसून जेवत होता. चौथी भिंत नसल्यामुळे बाईंना दार ठोठावता आलं नाही. मला काही नको, त्यांनी सांगितलं, मी उठले ते तेवढं त्यात घाला.

डफी काही दुष्ट माणूस नव्हता. दुष्ट असता तर बाईंना सोपं गेलं असतं. त्याने त्यांना बसायला खुर्ची दिली, तोंड पुसलं आणि अगदी समजुतीने म्हणाला, "बाई, आम्ही तेही लावून पाहिलं. तुम्ही उठलात की लोक हसायचे थांबतात. कुणालातरी लागलंय असं त्यांना वाटतं."

"लागलंच होतं."

"तेच तर. बसलेल्या तुम्ही फार छान आहात."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. डफीने मान खाली घातली नाही, उलट डोळे बारीक करून तो चेहरा जरा डावीकडून, जरा उजवीकडून बघू लागला, आणि जवळच्या माणसाला हळूच म्हणाला, उजेड बघ, उजेड काय सुंदर पडलाय. बाईंना कळलं की याच्यावर आपण काहीही फेकलं तरी हा ते झेलून विकेल. त्या उठल्या आणि घरी आल्या.

जिगी उशीला टेकून बसला होता. त्याला ठाऊक होतं का, बाईंनी विचारलं. त्याने आधी प्लास्टर खाजवलं. मग कबूल केलं, हो, डफी विचारायला आला होता. कापायचं की ठेवायचं ते जिगीवरच सोडलं होतं, कारण पाय त्याचा.

"मी उठले होते हे तुम्हाला माहीत होतं. डोकं माझ्या मांडीवर होतं तुमचं."

"माहीत होतं ना." तो मोकळेपणाने हसला. सिनेमाबाहेर तो पहिल्यांदाच हसत होता. "पण बाई, माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा हशा आहे तो. असा हशा कुणी कापतं का?"

बाईंनी आवाज चढवला नाही. कपाटावरची त्याची पेटी काढली, कोट, शर्ट, वर्तमानपत्राचे तुकडे, सगळं घडी करून आत भरलं. त्या तुकड्यांचीही घडी मोडू दिली नाही. मग पेटी रस्त्याकडेला नेऊन ठेवली, परत आल्या, कुबड्या त्याच्या काखेत दिल्या आणि त्याला दंडाला धरून ओट्यापर्यंत पोचवलं. पायऱ्या उतरताना त्याचा तोल जाऊ नये म्हणून त्या स्वतः एक पायरी पुढे राहिल्या. त्याला वाटलं बाई विरघळल्या. खाली पोचल्यावर त्यांनी हात सोडला, वर गेल्या आणि दाराची कडी घातली. फ्रेमबाई वरच्या खिडकीतून बघत होत्या. जिगी पेटीवर बसून राहिला होता. कंपनीची गाडी संध्याकाळी त्याला न्यायला आली.

त्याचा पाय आखूडच राहिला. लंगडणारा विदूषक आणखी एक-दोन वर्षं चालला, मग चालेना. डफीने दुसरा बुटका शोधला. पुढे पडद्यावर बोलणारी माणसं आली, आणि पागेच्या जागी टायरचं दुकान झालं. ती जुनी रिळं कुणीतरी फिल्मच्या लेपातली चांदी काढायला वितळवली म्हणतात.

पण त्याला वेळ होता. त्याआधी कितीतरी वर्षं तो सिनेमा लहान गावांतून, जत्रांतून, शाळांच्या हॉलमधून झिजत फिरला, आणि बाई जिथे जात तिथे त्यांच्या आधी पोचलेला असे. चर्चमध्ये एक म्हातारे गृहस्थ त्यांना म्हणाले, बरं केलंत, असल्या लोकांना उचलायचंच कशाला. बाजारात मटारवाला मुद्दाम त्यांच्या पिशवीत मूठभर जास्त टाकी आणि बघत राही. बायका आपल्या सुनांना ढोसून सांगत, पाहिलंस, हीच ती, माणूस मरत होता तरी हलली नाही. हे त्या कौतुकानेच सांगत. बाईंना त्याचंच जास्त वाईट वाटे. आपल्यासारखाच दगड दुसराही कुणी आहे, याचा त्या बायकांना आधार वाटत असावा.

"मी उठले होते," बाई म्हणत.

चर्चमध्ये म्हणाल्या, बाजारात म्हणाल्या, होरेस टटल एकदा घरी आला तेव्हा त्यालाही म्हणाल्या. अगदी सरळ, गंभीरपणे. आणि दर वेळी ऐकणारा आधी त्यांच्या तोंडाकडे बघे, मग हसायला लागे. टटलने तर पोट धरलं. "काय पण बोलता तुम्ही, बाई," तो म्हणाला, "त्या पाट्यांवर हे असलं घालायला हवं होतं." फ्रेमबाई लग्न करून सॅन डिएगोला गेल्या, आणि खरं काय झालं ते ठाऊक असलेलं त्या घरात दुसरं कुणी उरलं नाही. पुढे पुढे बाईंनी सांगणं सोडून दिलं. मटारही त्या वेगळ्या दुकानातून घेऊ लागल्या. तिथला माणूस जपानी होता, नुकताच आलेला, सिनेमा बघत नसे, आणि शेंगा मोजून तेवढ्याच देई.